परत बोला, डॉक्टर

अभिरामला उन्नतीबद्दल सगळ्यात आधी जी गोष्ट कळली, ती म्हणजे तिचं वजन.

आता मुलीची ओळख होण्याची ही काही रीत नव्हे. नाव, गाव, गेलाबाजार चहात साखर किती, असं काहीतरी आधी कळावं. पण एअर अँब्युलन्सचं विमान इतकं लहान असतं, की चढण्याआधी कॅप्टन प्रत्येकाला वजन विचारतो आणि ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं. त्या सकाळी नवी मुंबईच्या नव्याकोऱ्या विमानतळावर कॅप्टन राजवर्धन विमानाच्या दारात उभा होता. नेहमीचे डॉक्टर तापाने पडले होते. त्यांच्या जागी कंपनीने बेलापूरच्या एका हॉस्पिटलातून ऐनवेळी उचलून आणलेला डॉक्टर मागे उभा होता. पाठीवर सॅक, हातात अर्धं खाल्लेलं केळं, आणि चेहऱ्यावर आपण इथे नक्की का आलो असा भाव.

"अठ्ठावन्न," उन्नती शक्य तितक्या हळू म्हणाली.

"गेल्या वेळी बासष्ट होतीस," राजवर्धन म्हणाला. "खरं सांग. विमान लाजत नाही."

"...बासष्ट."

तिने चोरून मागे पाहिलं. नवा डॉक्टर स्वतःच्या बुटांकडे फार लक्षपूर्वक बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "माझं एकोणऐंशी," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे... केळं धरून."

उन्नतीला हसायचं नव्हतं. पेशंट आणायला निघालं की हसायचं नाही, असा तिचा स्वतःचा एक नियम होता. तो त्या दिवशी टेकऑफच्या आधीच मोडला.

उन्नती या विमानात नर्स होती. उलव्याजवळच्या गावातली, आगऱ्यांची मुलगी. तिचे वडील गोटीराम यांची भातशेती या विमानतळात गेली होती. आता त्यांची तीन मजली इमारत होती, भाडेकरू होते आणि गच्चीत उभं राहून विमानं मोजायचा छंद होता. प्रत्येक विमान आपल्याच बांधावरून उडतं असं ते पाहुण्यांना सांगत, आणि मुलगीही त्यातच बसून जाते म्हटल्यावर पाहुणे गप्प होत. उन्नतीला मात्र याचं फार काही वाटत नसे. नर्सिंगला जा, असं घरच्यांनी सांगितलं, ती हो म्हणाली. कंपनीने विमानात येतेस का विचारलं, ती हो म्हणाली. हो म्हणणं तिच्या अंगवळणी पडलं होतं आणि आजवर त्यात तिचं काही बिघडलंही नव्हतं.

अभिराम आठल्ये हा खारघरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, मूळचा सांगलीकडचा, घरात अंडंसुद्धा न शिजणारा. डॉक्टर म्हणून चांगला होता, हे उन्नतीला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. पण विमानातलं वागणं त्याला अजिबात माहीत नव्हतं.

तिथे एक शिस्त असते. इंजिनाचा आवाज इतका, की सगळ्यांनी कानाला हेडसेट लावून बोलायचं. डॉक्टरने काही सांगितलं की नर्सने तेच शब्द जसेच्या तसे परत बोलायचे, डॉक्टरने 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच नर्सने हात हलवायचा. नर्सने काही सांगितलं की डॉक्टरने परत बोलायचं. दीडच्या जागी अडीच ऐकू आलं तर माणूस हातचा जातो, म्हणून ही पद्धत. हॉस्पिटलात अभिरामने नुसती मान डोलवली तरी सिस्टरना समजायचं. इथेही त्याने तेच केलं.

"रक्तदाब नव्वद," उन्नतीने सांगितलं. त्याने मान डोलवली.

"परत बोला, डॉक्टर."

"अं?"

"मी काय सांगितलं ते परत बोला."

"रक्तदाब नव्वद."

"बरोबर," ती म्हणाली, आणि त्यानंतर त्याने इतक्या इमानदारीने प्रत्येक शब्द परत बोलायला सुरुवात केली, की परत येऊन पेशंट हॉस्पिटलच्या ताब्यात दिल्यावर तिने सहज "चहा घेणार का?" असं विचारलं, तर तो सावधान उभा राहून "चहा घेणार का," असं म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बासष्ट किलोची उन्नती हसून हसून अँब्युलन्सच्या दाराला टेकली. तिने कसंबसं "बरोबर" म्हटलं, तेव्हा कुठे तो चहाला हलला.

नेहमीच्या डॉक्टरांचा ताप उतरला, तरी अभिराम परत गेला नाही. त्याने हॉस्पिटलची नोकरी सोडून ही धरली. कोणी कारण विचारलं तर आकाशाची ओढ असं काहीतरी सांगायचा. हे आकाश बासष्ट किलोचं आहे, असं राजवर्धन चहाच्या टपरीवर बोलला, आणि उन्नतीने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

आणि मग दोघांचं काय काय सुरू झालं, ते उन्नतीला धड सांगता आलं नसतं. तिच्या हेडसेटची वायर सीटच्या कडीत नेहमी अडकायची. ती ओढायला जाण्याआधीच त्याचा हात येऊन ती सोडवून जायचा, आणि तो तिच्याकडे बघायचाही नाही. पेशंटला हात लावण्याआधी तो तळवे एकमेकांवर घासून गरम करायचा. बेशुद्ध माणसालाही थंड हात का लावा, असं त्याचं म्हणणं. रिकामं विमान घेऊन पेशंट आणायला जाताना ती त्याला खाडीकडच्या खिडकीतून खाली मिठागरं दाखवायची, न्हावा शेव्याच्या क्रेन दाखवायची, आपल्या घराची निळी टाकी दाखवायची. ती टाकी त्याला एकदाही दिसली नाही. दर वेळी तो "कुठे?" म्हणून तिच्या खांद्याशी वाकायचा, आणि दर वेळी तिला वाटायचं, आता दिसली नाही तरी चालेल.

तिची आई विमलबाई डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, चटणी द्यायची. अभिरामने ती पहिल्यांदा चाखली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा त्याने मागून घेतली. पुढे तर डब्यात भाकऱ्यांची संख्या आपोआप वाढली आणि घरी जाण्याआधी तो खिशातून वेलदोडे काढून चघळू लागला. आईला वास आला तर माझंच पार्थिव विमानाने न्यावं लागेल, असं म्हणायचा. विमलबाईंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं होतं, "यो डाक्टर कोन हाय गो, येवऱ्या भाकऱ्या खानारा?" उन्नती म्हणाली, कोणी नाही. मग स्वतःच विचार करत बसली की कोणी नाही, तर मग हे सगळं काय आहे.

परत बोलण्याचा खेळ तर जमिनीवरही चालू राहिला. तो म्हणायचा, "आज केस बरे दिसतायत." ती गंभीरपणे म्हणायची, "आज केस बरे दिसतायत." तो म्हणायचा, "बरोबर." गंमत म्हणून ठीक होतं. पण गंमत कुठे संपते आणि खरं कुठे सुरू होतं, ते दोघांपैकी कोणीही विचारलं नाही, आणि घोळ झाला तो तिथेच.

नांदेडहून एक आजारी बाई आणायच्या होत्या. दुर्गाबाई नाव, राहणाऱ्या द्रोणागिरीच्या. भाचीच्या लग्नाला गेल्या आणि मांडवातच कोसळल्या. हृदयाची एक झडप निकामी झाली होती, फुप्फुसांत पाणी भरत होतं, आणि ऑपरेशन नेरुळच्या हॉस्पिटलात व्हायचं होतं. सोबत त्यांचे यजमान वामनकाका. बंदरातून रिटायर झालेले, ताठ बसणारे गृहस्थ. नातेवाइकाला विमानात एकच सीट असते, अगदी मागे, पेशंटच्या पायांशी. त्यांना हेडसेट देत नाहीत. म्हणजे त्यांना सगळं दिसतं, ऐकू मात्र काहीच येत नाही.

अर्ध्या वाटेवर दुर्गाबाईंचा ऑक्सिजन उतरायला लागला. उंचीवर हवा विरळ होते, आणि आधीच थकलेल्या फुप्फुसांना ते झेपत नाही. अभिरामने राजवर्धनला विमान खाली घ्यायला सांगितलं. राजवर्धनने ते परत बोलून विमान खाली घेतलं. मग आत अभिराम आणि उन्नतीचं चालू झालं. औषध पाचवर ने. औषध पाचवर. बरोबर. ऑक्सिजन पूर्ण. ऑक्सिजन पूर्ण. बरोबर. रक्तदाब सत्तर, डॉक्टर. रक्तदाब सत्तर; औषध आठवर. औषध आठवर. बरोबर. मागे वामनकाका बायकोची पावलं दोन्ही हातांत धरून बसले होते आणि एकदा याच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होते.

हळूहळू आकडे वर आले. दुर्गाबाईंच्या ओठांचा निळसरपणा गेला. उन्नतीची नजर मॉनिटरवर आणि बोटं औषधाच्या पंपावर होती, आणि ती पुढच्या सूचनेची वाट बघत होती. तेव्हा हेडसेटमधून अभिरामचा आवाज आला. अगदी त्याच सुरात, ज्या सुरात तो औषध पाचवर म्हणाला होता.

"उन्नती, मला तुझ्याशी लग्न करायचंय."

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," उन्नती म्हणाली.

"बरोबर," अभिराम म्हणाला.

हेडसेटमध्ये समोरून राजवर्धनच्या खोकल्याचा आवाज आला. पंपावरचं उन्नतीचं बोट आकडा शोधायला लागलं, कारण सूचना आली की आकडा बदलायचा असतो... आणि या सूचनेत आकडाच नव्हता. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने मान वर केली. अभिराम दुर्गाबाईंच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून खाली बघत होता, आणि त्याचे कान पहिल्या दिवशीसारखे लाल झाले होते.

विमान उतरलं, अँब्युलन्स आली, स्ट्रेचर हललं. हॉस्पिटलच्या बेडवर पेशंट पोचेपर्यंत दुसरं काही बोलायचं नसतं, म्हणून दोघं बोलले नाहीत. पेशंट पोचल्यावर बोलायला हरकत नव्हती. पण अभिराम घाईने निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा पाण्याची बाटली आहे का, एवढंच विचारलं. तिने बाटली दिली. तेवढंच बोलणं झालं.

उन्नतीची अवस्था बघण्यासारखी झाली. तो खरं बोलला, की खेळ होता? खेळ असेल तर पेशंट समोर असताना असला खेळ करणारा तो माणूस नव्हे. खरं असेल तर आता तोंड का लपवतो? आणि तिचं काय? ती तेच वाक्य बोलली होती, ते उत्तर होतं की नुसती ड्युटी? आणि डॉक्टरांना चक्क 'तुझ्याशी'? जन्मात कधी ती त्यांना अरे-तुरे बोलली नव्हती. म्हणजे सवयच. पण मग रात्रंदिवस हे वाक्य मनात का घोळतंय? आंघोळ करताना घोळतंय, भाकरी खाताना घोळतंय, आणि दर वेळी ते त्याच्या आवाजात सुरू होऊन तिच्या आवाजात संपतंय.

तिने राजवर्धनला आडून विचारलं, की त्या दिवशी हेडसेट नीट चालत होते का. तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही," आणि असा हसला की त्याने अक्षर न् अक्षर ऐकलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मग जरा गंभीर होऊन त्याने एक बातमी दिली. कंपनी गुवाहाटीला नवं ठाणं उघडत होती. तिथे जायला डॉक्टर मिळत नव्हता. गेले कित्येक दिवस अभिराम नाही म्हणत होता. काल तो हो म्हणाला.

उन्नतीला वाटलं, पायाखालची फरशी सरकली. पण ती हो म्हणणारी मुलगी होती. तिने बरं म्हटलं, आणि औषधांच्या पिशवीतल्या सलाइनच्या बाटल्या तपासायला गेली. तिथे तिला थोडा वेळ काही दिसलं नाही, कारण डोळे भरले होते. आपण रडतोय कशाला, तेही तिला कळेना. जो माणूस आपला आहे की नाही हेच माहीत नाही, तो जातोय म्हणून रडायचं, याला काही अर्थ आहे का? आणि थांब म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? त्याने विचारलं असं धरलं, तर आपण उत्तर द्यायला हवं. नाही विचारलं असं धरलं, तर आपण वेड्या ठरू. आता तो गेला की हे असंच अर्धवट राहणार, जन्मभर, हे मात्र तिला लख्ख दिसत होतं.

शनिवारी सकाळी दोघांची एकत्र शेवटची फेरी होती. जळगावहून एका तरुणाला आणून त्याच नेरुळच्या हॉस्पिटलात पोचवलं. सोमवारी अभिराम जाणार होता. अभिराम रिकामं स्ट्रेचर घेऊन खाली गेला, आणि उन्नती औषधांची पिशवी उचलून निघणार तेवढ्यात तिला मागून कोणीतरी हाक मारली. दुर्गाबाईंच्या खोलीच्या दारात वामनकाका उभे होते. हातात थर्मास, अंगावर धुवट शर्ट. दुर्गाबाईंचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, परवापासून त्या पेज घेत होत्या, आणि पेज पातळ झाली म्हणून नवऱ्याला बोलतही होत्या. उन्नतीला इतकं बरं वाटलं, की तिने काकांना वाकून नमस्कार केला.

काकांनी आशीर्वाद दिला, पण हलले नाहीत. थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, "एक विचारू का? विमानात, सगळं शांत झाल्यावर, डॉक्टर तुम्हाला काहीतरी बोलले. तुम्ही पण काहीतरी बोललात. आणि मग तुमचा चेहरा... मी तुम्हाला सांगतो, मी तिचे पाय घट्ट धरले. मला वाटलं, संपलं. ही गेली आणि हे लोक उतरेपर्यंत मला सांगणार नाहीत. खाली येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी काय काय बोलून घेतलं, ते माझं मला माहीत. डॉक्टर तेव्हा काय बोलले?"

उन्नती भिंतीला टेकली. हा म्हातारा माणूस तिथे मागे बसून बायकोचा निरोप घेत होता, आणि इकडे आपलं काय चाललं होतं. खोटं सांगणं सोपं होतं. औषधाचं काहीतरी बोलले, असं म्हटलं असतं तर काकांनी ऐकलं असतं. पण इतकं सोसलेल्या माणसाशी खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

"काका, ते म्हणाले की... त्यांना माझ्याशी लग्न करायचंय."

वामनकाका बघतच राहिले. त्यांचा चेहरा आधी रागावला, मग गोंधळला, आणि मग त्यांना हसू आलं ते आवरेना. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आत दुर्गाबाईंनी काय झालं म्हणून क्षीण आवाजात विचारलं, त्यांना काकांनी हातानेच थांब म्हणून सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

उन्नतीने परत बोलण्याची पद्धत समजावली. तो जे बोलला तेच ती बोलली, सवयीने. ते उत्तर होतं की नाही, तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"तोंडाचं तुम्ही सांगितलंत," काका म्हणाले. "मी तोंड ऐकलं नाही, मी चेहरा पाहिला. त्या पडद्यावर सत्तरचा आकडा आला तेव्हासुद्धा तुमचा चेहरा हलला नव्हता, पोरी. मी तुमच्याकडे बघूनच धीर धरला होता. आणि त्या एका वाक्याला तो असा झाला, की मला वाटलं आता जगात काही उरलं नाही. सवयीने बोलणाऱ्या बाईचा चेहरा असा होतो का?"

काकांना काय सांगायचं होतं ते उन्नतीला समजलं होतं, आणि एकदा समजल्यावर तिला जिना उतरायची घाई झाली होती. लिफ्टची वाट न बघता ती खाली धावली.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला अँब्युलन्स उभी होती. ड्रायव्हर नाश्त्याला गेला होता. अभिराम मागचं दार उघडून स्ट्रेचरचे पट्टे पुसत होता. ते खरं तर त्याचं काम नव्हतं. ती धापा टाकत समोर येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने घाबरून विचारलं, की पेशंटला काही झालं का.

"पेशंट ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही गुवाहाटीला का चाललात?"

त्याने पट्टा खाली ठेवला. मग बोलायला लागला तो थांबेना. पेशंट समोर असताना बोललो, हे माझं फार चुकलं, त्याची मला लाज वाटली, म्हणाला. दुर्गाबाई वाचल्या, त्या आनंदात तोंडून गेलं. आणि ती ते परत बोलली तेव्हा तो एक क्षण वेडा झाला होता, पण मग लक्षात आलं की ती ड्युटी करत होती, जशी त्यानेही 'बरोबर' ड्युटीनेच म्हटलं. त्यानंतर तिने तो विषयच काढला नाही. नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं असेल, असं त्याला वाटलं. मग रोज एकाच विमानात बसून तिला कशाला अवघडून टाकायचं?

"तुम्ही बाटली मागितलीत," उन्नती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी. पाण्याची. मी काय समजायचं?"

"मला तहान लागली होती. म्हणजे... तोंड कोरडं पडलं होतं. तुला बघून."

तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. पिशवी खांद्यावरून उतरवून तिने खाली ठेवली. आजवर तिने जन्मात कुठली गोष्ट आधी बोलून दाखवली नव्हती. कोणीतरी म्हणायचं, मग ती म्हणायची.

"त्या दिवशी मी तोंडाने सवयीने बोलले," ती म्हणाली. "चेहऱ्याने काय बोलले ते फक्त वामनकाकांनी पाहिलं. त्यांना वाटलं, त्यांची बायको गेली. ते तुम्हाला नंतर सांगते, त्याची माफी मागायला आपल्याला वर जायचंय. पण आधी हे ऐका. आत्ता इथे इंजिन चालू नाही, हेडसेट नाही, आणि तुम्ही काही विचारलेलंही नाही. मीच बोलतेय. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे."

अभिराम अँब्युलन्सच्या पायरीवर बसला. त्याने दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं, आणि उन्नतीला वाटलं तो हसतोय. पण त्याचे खांदे हलत होते ते हसण्याने नव्हे. तिने आजूबाजूला पाहिलं. वॉचमन बघत होता, तर बघू दे. ती त्याच्या शेजारी बसली आणि तिने त्याच्या केसांवर हात ठेवला.

"मी त्यांना हो म्हणून बसलोय," तो डोळे पुसत म्हणाला. "गुवाहाटीच्या लोकांना."

"मग जा. तिथेही पेशंट आहेत. दुसरा डॉक्टर मिळाला की या. तोवर मी घरी सांगते, आणि तुम्ही तुमच्या आईला सांगा."

"आणि तू... तू खरंच..."

"खरंच," उन्नती म्हणाली. मग ते दोघं वर गेले. अभिरामने वामनकाकांची माफी मागितली. काकांनी त्याला बराच वेळ ताटकळत ठेवून मग मिठी मारली, आणि दुर्गाबाईंनी लग्नाला बोलवायचं कबूल करून घेतलं.

दुपारी उन्नती घरी आली तेव्हा विमलबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. गोटीराम वर भाडेकरूंच्या नळाचं काही बघत होते. उन्नतीने चपला काढल्या, आईसमोर मांडी घातली, आणि वाटेत घोकून आणलेली सुरुवातच विसरली.

"आई, त्या डॉक्टरांना विचारलं. लग्नाचं."

"कोनी इचारलं?"

"मी."

विमलबाईंचा हात थांबला. उन्नतीला वाटलं, आता जात निघेल, त्यांचं ते अंडंही न खाणारं घर निघेल, वडिलांचा राग निघेल. सगळ्याची उत्तरं तिने तयार ठेवली होती.

"आनि तो काय बोलला?"

"आधी रडला. मग हो म्हणाला."

विमलबाईंनी सूप बाजूला सारलं.

"मना त कोनी इचारलंच नवतं गो," त्या म्हणाल्या. "चुलते आले नि बोलले, परवा हलद हाय." त्यांनी पदराने हात पुसले, आणि मग तोच पदर डोळ्यांना लावला. "इचारलं असतं, त मी तुज्या बापालाच हो बोलले असते. पन एकदा इचारायला पायजे होतं."